हरवलेल्या महान संस्कृतीच्या गोष्टी आपल्याला एवढ्या का आवडतात?

कैलास लेणं माणसाने कोरलंच नाही, पिरॅमिड म्हणजे पॉवर प्लांट होता, द्वारका बारा हजार वर्षांपूर्वी बुडाली, आणि हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत आहे पण ते मुद्दाम लपवतात. गोव्यात तुम्ही कुठल्याही फॅमिली ग्रुपवर असाल तर मासळीच्या भावाच्या आणि जत्रेच्या फोटोंच्या मध्ये हा व्हिडिओ येऊन गेलाच असणार, आणि पाठवणारा माणूस काही येडा नसतो. बँकेत असतो, शाळेत शिकवतो, इंजिनिअर असतो. म्हणून मला ‘लोक अडाणी आहेत’ हे उत्तर पटत नाही. मी स्वतः हे व्हिडिओ रात्री जेवल्यावर आवडीने बघतो, म्युझिक मस्त असतं, ड्रोनने घेतलेले शॉट असतात. प्रश्न हा आहे की ही गोष्ट आपल्याला नेमकी कुठे पकडते.

आधी गोष्ट काय आहे ते बघू, कारण दर वेळी नाव बदलतं पण साचा तोच असतो. शेवटच्या हिमयुगात, म्हणजे साधारण बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी, एक खूप पुढारलेली संस्कृती होती. मग धूमकेतू आदळला किंवा महापूर आला आणि सगळं समुद्रात गेलं. थोडे लोक वाचले, ते जगभर फिरले आणि बाकीच्या रानटी माणसांना शेती, बांधकाम, ग्रह-तारे वगैरे शिकवलं, आणि पुराणांत जे देव-ऋषी येतात ते हेच. एलियनवाली थिअरी ही याची चुलत बहीण, तिच्यात शिकवणारे वरून येतात एवढाच फरक.

याचा मूळपुरुष म्हणजे प्लेटो. इसवीसनपूर्व ३६० च्या आसपास त्याने दोन संवादांमध्ये अटलांटिसची गोष्ट सांगितली. मोठं बेट, प्रचंड वैभव, मग माज, आणि एका दिवस-रात्रीत बुडालं. प्लेटोच्या आधी कोणी ग्रीक माणूस अटलांटिसचं नावही घेत नाही, आणि त्याच्या गोष्टीत अटलांटिस हा व्हिलन आहे, हिरो आहे अथेन्स, हे आजच्या व्हिडिओवाले सोयीस्करपणे गाळतात. नंतर दोन हजार वर्षं ती गोष्ट तशीच पडून होती म्हणायला हरकत नाही, १८८२ मध्ये इग्नेशियस डॉनेली नावाच्या अमेरिकन राजकारण्याने तिच्यावर जाडजूड पुस्तक काढलं आणि तिथून हा धंदा सुरू झाला. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेनने एलियन आणले, १९९० च्या दशकात ग्रॅहम हॅनकॉकने हिमयुगवाली आवृत्ती गाजवली आणि २०२२ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली.

मध्ये एक लेमुरियाचं प्रकरण आहे, ते आपल्या समुद्राशी संबंधित म्हणून सांगतो. १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञाला कोडं पडलं की लेमूर आणि त्यांचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्येही आणि भारताकडेही, हे कसं काय. त्याने म्हटलं, हिंदी महासागरात पूर्वी जमीन असेल, ती बुडाली असेल. त्या काळात हे अगदी वाजवी अनुमान होतं, कारण खंड सरकतात हे कोणाला माहीतच नव्हतं. ते कळल्यावर विज्ञानाला लेमुरियाची गरज उरली नाही, पण तोपर्यंत थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या लोकांनी ती उचलली होती आणि तिच्यावर माणसं, साम्राज्यं, गूढ विद्या असं सगळं वसवून टाकलं होतं, पुढे तमिळनाडूत ती कुमरी कंडमच्या, म्हणजे बुडालेल्या तमिळ भूमीच्या परंपरेला जाऊन मिळाली. शास्त्रज्ञांनी टाकून दिलेली कल्पना कोणीतरी उचलून घरी नेतो आणि मग शास्त्रज्ञांनाच विचारतो की तुम्ही ही लपवली का.

आता मूळ मुद्दा. ही गोष्ट पकडते कारण तिच्यातला अर्धा भाग खरा असतो. इतिहास खरोखर हरवतो, खरोखर बुडतो, आणि कधीकधी खरोखर कोणीतरी तो नष्ट करतो. हे गोव्याच्या माणसाला वेगळं समजवायला नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली, देव रातोरात जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे न्यावे लागले. मंगेशी मूळ कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळेला. इथल्या भाषेतली पोथ्या-पुस्तकं जाळली. आणि त्यातून वाचलेल्या सोळाव्या शतकातल्या मराठी-कोंकणी कथांची हस्तलिखितं सापडली कुठे, तर पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या ग्रंथालयात! म्हणजे आपलंच लिखाण समुद्रापलीकडच्या कपाटात शेकडो वर्षं पडून होतं. अशा जागी वाढलेल्या माणसाला कोणी म्हटलं की ‘तुमचा खरा इतिहास तुमच्यापासून लपवला गेलाय’, तर तो मान डोलावणारच, त्याच्या कुलदेवाचा पत्ताच बदललेला आहे.

तसंच समुद्राचं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, पाणी बर्फात अडकलेलं होतं. म्हणजे आज मिरामारला उभं राहून जिथे सूर्य बुडताना दिसतो तिथवर आणि त्याच्याही पुढे जमीन होती. तिच्यावर प्राणी होते, माणसंही असणार. मग बर्फ वितळला आणि काही हजार वर्षांत ती सगळी पाण्याखाली गेली. यात थिअरी काही नाही, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही आपली गोष्ट बरोबर उलट दिशेची आहे, पण तिला भूगर्भशास्त्राचं सर्टिफिकेट लागतं असं मला तरी वाटत नाही, ती तिच्या जागी बरी आहे.

म्हणजे पहिली पायरी खरी, दुसरीही खरी, आणि तिसऱ्या पायरीवर आपल्याला कळायच्या आत उडी मारलेली असते. बुडालेली जमीन आहे, म्हणून बुडालेली शहरं असणार, म्हणून बुडालेलं विमानतळ असणार!

आपल्या दोना पावलाला एनआयओ आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. द्वारकेचं पाण्याखालचं काम कोणी केलं असं विचारलं तर निम्मे लोक म्हणतात नासा, म्हणून मुद्दाम सांगतो, ते काम पणजीच्या शेजारी बसलेल्या लोकांनी केलं. हडप्पा काळातलं लोथल खणून काढणारे एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये एनआयओत सागरी पुरातत्त्वाचं केंद्र सुरू केलं आणि पुढे १९८० च्या दशकात पाणबुडे घेऊन द्वारकेच्या किनाऱ्याजवळ शोध घेतला. घडीव दगडांची बांधकामं सापडली, आणि दगडी नांगर सापडले, खूप. तीन भोकांचे, जहाजाला दोरीने बांधायचे. राव यांचं मत की ही महाभारतातली द्वारका. पुढे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी परत बघितलं तेव्हा त्यातलं बरंचसं ऐतिहासिक काळातल्या, म्हणजे खूप अलीकडच्या बंदराचं वाटतं असं मांडलं. शेजारच्या बेट द्वारकेला मात्र उत्तर-हडप्पा काळाचे पुरावे मिळाले. आता बघा, एकाच संस्थेत, एकाच जागेबद्दल सीनियर एक म्हणतो, नंतरचे लोक दुसरं म्हणतात आणि दोन्ही छापलं जातं. लपवाछपवी अशी करतात काय? पण व्हिडिओत यातलं पहिलं अर्धंच येतं.

खंबातच्या आखाताचं याहून मजेशीर. २००१ मध्ये चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेच्या सोनारच्या चित्रांत समुद्रतळाशी चौकोनी आकार दिसले, वरून ड्रेज करून लाकडाचा तुकडा काढला, तो निघाला सुमारे साडेनऊ हजार वर्षं जुना. झालं, ‘हडप्पाच्या आधीचं शहर सापडलं’ अशी घोषणा. अडचण अशी की त्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह भयंकर आहेत, नद्यांचा गाळ, लाकडं, काय काय वाहून येतं आणि तळाशी फिरत राहतं. ड्रेजने खरवडून वर काढलेल्या लाकडाचं वय म्हणजे त्या लाकडाचं वय, झाड कधी मेलं ते. ते त्या ‘भिंती’शेजारी कोणी ठेवलं होतं की वरच्या डोंगरातून वाहत आलं हे त्यावरून कळत नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची असते, कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, आणि ड्रेज नेमकी तीच पुसून टाकतो.

आता कैलास लेण्याकडे येतो, कारण भाच्याशी यावरून माझं लांबलचक भांडण झालं आणि त्यात मजा आली. तो बारावी सायन्सला. म्हणाला, “मामा, चार लाख टन दगड काढला, अठरा वर्षांत. दिवसाचे बारा तास धरले तरी तासाला पाच टन! छिन्नी-हातोडीने? शक्यच नाही.” मी म्हटलं, ठीक आहे, आकडे तुझेच घेऊ, वाद नको. चार लाख भागिले अठरा, वर्षाला साधारण बावीस हजार टन, दिवसाला एकसष्ट, तासाला पाच. बरोबर. आता कामगार किती ते सांग. तो गप्प. व्हिडिओत कामगारांचा आकडाच नव्हता! तीनशे धर, राष्ट्रकूटांसारख्या साम्राज्याला तीनशे म्हणजे काहीच नाही. पाच टन भागिले तीनशे, माणशी तासाला सतरा किलो. सतरा किलो बसाल्ट म्हणजे जेमतेम सहा लिटर पाण्याच्या जागेएवढा दगड. आणि तो सगळा चुरा करून काढायचा नसतो, भोवती चर मारायचा, भेग पाडायची, मोठा तुकडा सुटतो. “आणि हजार माणसं असली तर?” असं मग त्यानेच विचारलं आणि त्यानेच मोबाइलवर भागाकार केला.

अठरा वर्षं हा आकडाही कुठल्या शिलालेखात नाही. पहिला कृष्ण राजा साधारण ७५६ ते ७७३ राज्यावर होता, त्याने हे देऊळ केलं असं पुढच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत येतं, म्हणून कोणीतरी त्याची कारकीर्दच कामाची मुदत ठरवली. अभ्यासकांमध्ये यावर मतं आहेत, काहींच्या मते आधीच्या दंतिदुर्गापासून सुरुवात, आणि आजूबाजूचे भाग तर बरेच नंतरपर्यंत चालू. अर्धवट सोडलेली लेणी बघितली की पद्धत कळतेच, अजिंठ्याला २४ नंबरचं आहे, काम वरून खाली कसं येत होतं ते तिथे उघडं पडलंय, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. एलियन काम अर्धवट टाकून गेले असतील तर गोष्ट वेगळी.

आणि हे कळायला गोव्याच्या माणसाला वेरूळला जायचीही गरज नाही. मशीन यायच्या आधी आपल्याकडे जांभ्याचे चिरे हातानेच काढायचे. जांभा ताजा उघडा केला की त्या मानाने मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, म्हणून खाणीतच आकार देऊन घ्यायचा. ज्यांनी हे काम केलंय ते म्हातारे अजून आहेत, त्यांना हरवळ्याच्या गुंफा दाखवा, ते भिंतीवरचे घाव बघून माणूस कुठे उभा होता ते सांगतील. त्या गुंफांना पांडवांच्या गुंफा म्हणतात, सहाव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. पांडवांनी केल्या म्हणणं आणि एलियननी केल्या म्हणणं यात मला फरक वाटतो. पांडव गावच्या माणसाच्या घरचे आहेत, त्या जागेला मान देण्याची ती पद्धत आहे. एलियनवाला मात्र आडून असं म्हणत असतो की तुमच्या पूर्वजांना हे जमलंच नसतं.

हे काही मी उगाच टोचून बोलत नाहीये. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वे म्हणून दगडी भिंतींचं प्रचंड मोठं, जुनं शहर आहे. तिथे गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा जोरात सांगितलं जायचं की हे फिनिशियन लोकांनी बांधलं, शेबाच्या राणीने बांधलं, कोणीही चालेल पण आफ्रिकन सोडून. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने खणून दाखवलं की हे स्थानिक आफ्रिकन लोकांचंच काम आहे, तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेच्या सरकारला ते शेवटपर्यंत पचलं नाही. म्हणजे ‘हरवलेली महान संस्कृती’ ही गोष्ट जिवंत माणसांचं श्रेय काढून घ्यायलाही वापरली गेली आहे, आणि आपण तीच गोष्ट अभिमानाने फॉरवर्ड करतो याची गंमत वाटते.

‘शास्त्रज्ञ लपवतात’ याबद्दल. पुरातत्त्ववाल्याला नवी संस्कृती सापडली तर त्याचं जन्माचं कल्याण होतं, तो का लपवेल? १९२१-२२ पर्यंत भारताचा इतिहास फार मागे जात नव्हता. मग दयाराम साहनींनी हडप्पा आणि राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडो खणलं, १९२४ मध्ये जॉन मार्शलने जाहीर केलं, आणि एका झटक्यात दोन हजारांहून जास्त वर्षं मागे वाढली. इंग्रजांच्याच सरकारी खात्याने केलं हे. त्याच्या आधी त्याच हडप्पाच्या विटा उचलून लाहोर-मुलतान रेल्वेखाली खडी म्हणून घातल्या होत्या, ती खरी नासाडी, आणि ती कुठल्या कटातून झाली नाही, निव्वळ बेफिकिरीतून झाली.

तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे तर या लोकांचं लाडकं ठिकाण. १९६३ च्या पाहणीत ते नोंदवलं गेलं होतं पण महत्त्व कळलं नाही, १९९५ पासून क्लाउस श्मिटने खणलं आणि साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे, पाच-साडेपाच मीटर उंचीचे कोरीव खांब निघाले. शेतीच्या आधीचे! सगळ्यांनी मान्य केलं, पुस्तकं बदलली. व्हिडिओवाले म्हणतात, बघा, अचानक एवढं कसं जमलं, कोणीतरी शिकवलं. पण तिथला कचरा बघितला तर हाडं रानटी हरणांची आणि रानबैलांची, हत्यारं गारगोटीची, धातूचा तुकडा नाही. शिकार करून जगणाऱ्या माणसांनी हे उभं केलं. मला तर ही गोष्ट अटलांटिसपेक्षा भारी वाटते, पण तिला थंबनेल मिळत नाही.

कचरा हाच या सगळ्या वादातला सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. राजवाडा बुडू शकतो, पोथी जळू शकते, पण मोठ्या संस्कृतीचा कचरा सगळीकडे पसरतो आणि तो जाता जात नाही. खापरं कुजत नाहीत. पिकवलेलं धान्य रानटी धान्यापेक्षा वेगळं दिसतं, पाळलेली जनावरं जंगली जनावरांपेक्षा वेगळी होतात, आणि धातू वितळवला तर धूर आकाशात जातो. रोमन लोकांनी शिसं-चांदी वितळवलं त्याचा अंश ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत अजून सापडतो. त्याच बर्फात हिमयुगाचे थरही आहेत. तेव्हा जगभर फिरणारी, खाणी आणि भट्ट्या चालवणारी संस्कृती असती तर तिथे डाग दिसला असता. समुद्राने किनारा गिळला मान्य, पण ते लोक डोंगरावर कधी गेलेच नाहीत, त्यांचं एक मडकंही आत घाटात फुटलं नाही, हे जरा अवघड जातं.

पण एक दोष पुरातत्त्ववाल्यांच्याही पदरात घालायला हवा. हे लोक बोलत नाहीत. उत्खननाचे रिपोर्ट वर्षानुवर्षं येत नाहीत, आले तर असे लिहिलेले की झोप यावी, आणि जागेवरच्या बोर्डवर कायद्याची कलमं जास्त आणि माहिती दोन ओळी. एका जागी तर गंजलेल्या बोर्डवर दंडाची रक्कम तेवढी वाचता येत होती. रिकामी जागा दिसली की यूट्यूबवाला घुसणारच, तो निदान तुमच्याशी बोलतो, तुम्हाला हुशार समजतो, ‘तुम्हीच विचार करा’ म्हणतो. प्रोफेसर म्हणतो ‘अजून पुरावा अपुरा आहे’. संध्याकाळी दमून आलेला माणूस कोणाचं ऐकेल?

आपलं उसगाळीमळ घ्या, पणसायमळ पण म्हणतात. सांगे तालुक्यात रिवणच्या पुढे, कुशावतीच्या काठावर. जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून जास्त आकृती कोरलेल्या आहेत, वशिंडाचे बैल, हरणं, माणसं, आणि वर्तुळात वर्तुळ घालत गेलेला तो चक्रव्यूह. नदीच्या गाळाखाली बरंच झाकलेलं होतं, गावच्या लोकांना माहीत होतं, त्यांच्याकडून कळल्यावर १९९३ मध्ये पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याचे संचालक पी. पी. शिरोडकर यांनी ते उजेडात आणलं. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, रत्नागिरीची सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्याचं हे एक. वय काय, तर कोणी वीस-तीस हजार वर्षं सांगतं, कोणी नवाश्मयुगाच्या आसपासचं म्हणतं, म्हणजे फक्त काही हजार. एवढा फरक का, तर दगडावर कोरलेल्या रेघेत कार्बन नसतो. कोळसा, हाड, बी असं काहीतरी त्या रेघेच्याच वेळचं तिथे सापडलं तरच तारीख निघते, आणि नदीकाठच्या उघड्या कातळावर ते कुठून टिकणार. त्यामुळे अभ्यासक शैली बघतात, कुठले प्राणी आहेत, हत्यार दगडाचं की लोखंडाचं हे घावावरून ओळखायचा प्रयत्न करतात, शेजारी उत्खनन करून वस्तीचा थर मिळतो का बघतात.

तसलाच चक्रव्यूह युरोपात, भूमध्य समुद्राकाठीही आहे, म्हणून ‘एकाच संस्कृतीने जगभर कोरला’ हा व्हिडिओही येऊन गेला आहे. पण ती आकृती एका क्रॉसभोवती चार कोपरे आणि चार टिंबं मांडून, त्यांना कमानीने जोडत गेलं की काढता येते, रांगोळी घालणाऱ्या कुठल्याही बाईला एकदा दाखवा, दुसऱ्यांदा ती न बघता काढेल. जायचं असेल तर पावसाळा टाळा, नदी वर येते आणि कातळावर शेवाळ असतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, तिरप्या उजेडात रेघा नीट दिसतात, भर दुपारी नुसता काळपट दगड दिसतो. चपला काढून चाला. आणि कृपा करून फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून तिच्यात खडू भरू नका.